आदर्श नगरीत भांडण कशाचे?

'सन २१५० मधील माझे गाव' या विषयावर तुम्हाला निबंध लिहायला सांगितला तर तुम्ही काय लिहाल? बहुतेक निबंधांत गाड्या आकाशातून उडत असतात, स्वयंपाकघरात यंत्रमानव पोळ्या लाटत असतो, रोगराई नाहीशी झालेली असते, शाळेत दप्तर न्यावे लागत नाही आणि परीक्षा तर केव्हाच रद्द झालेल्या असतात! निबंध म्हणून हे ठीक आहे. गुणही बरे पडतात. पण उद्या बाईंनी सांगितले की, आता याच गावावर एक विज्ञानकथा लिहा, तर पहिल्याच पानावर पेन अडते. गावात सगळे सुखी आहेत, कोणाला काही कमी नाही. मग कथेत घडायचे काय?

ही अडचण थोरामोठ्या लेखकांनाही आली आहे. १५१६ मध्ये इंग्लंडच्या सर टॉमस मोर यांनी एका आदर्श बेटाचे वर्णन करणारे पुस्तक लिहिले आणि त्या बेटाला 'युटोपिया' हे नाव दिले. ग्रीक शब्दांची ही एक कोटी आहे. 'कुठेच नसलेली जागा' असाही तिचा अर्थ होतो, आणि कानाला 'चांगली जागा' असेही ऐकू येते. त्या बेटावरच्या व्यवस्थेचे वर्णन मोठे मनोरंजक आहे, पण त्यात कथा अशी नाही. पुढे १८८८ मध्ये अमेरिकेच्या एडवर्ड बेलामी यांची कादंबरी आली. तिचा नायक १८८७ साली बॉस्टन शहरात झोपतो आणि जागा होतो तो थेट २००० साली. नव्या जगात गरिबी उरलेली नाही. ही कादंबरी त्या काळी प्रचंड खपली, पण तिची पुष्कळशी पाने नायकाने प्रश्न विचारण्यात आणि त्याच्या यजमानाने उत्तरे देण्यातच जातात. एखाद्या प्रदर्शनात वाटाड्यामागून फिरावे तसे वाचकाला वाटते.

या अडचणीतून सुटण्यासाठी एक सोपी पळवाट नेहमी वापरली जाते. शेवटच्या पानावर कळते की, सुखी नगरीच्या तळघरात एक दुष्ट शास्त्रज्ञ बसला आहे आणि सगळे सुख खोटे आहे. किंवा मग परग्रहावरून शत्रू येतो. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन दूरदर्शन मालिका १९८७ मध्ये नव्या रूपात सुरू झाली, तेव्हा तिचे जनक जीन रॉडनबेरी यांचा आग्रह असा होता की, चोविसाव्या शतकातली माणसे आपापसांत क्षुद्र भांडणे करणार नाहीत. कल्पना उदात्त खरी, पण लेखकमंडळी मेटाकुटीला आली. भांडण यानाच्या बाहेरून आणावे लागे.

मला स्वतःला तळघरातला खलनायक ही लबाडी वाटते. तो सापडला की ती नगरी आदर्श नव्हतीच असे ठरते, म्हणजे गणित न सोडवता आपण गणितच बदलून घेतले! नगरी खरोखर चांगली ठेवायची आणि तरीही वाचकाला पुढे काय होणार याची हुरहुर लावायची, हे कसे साधेल?

याचे एक उत्तर आपल्याकडे फार जुने आहे आणि दर दिवाळीत आपण ते आठवतो. बळीराजाच्या राज्यात कोणी उपाशी नव्हते, कोणी नाडलेले नव्हते. बलिप्रतिपदेला ते राज्य पुन्हा यावे अशी इच्छा आजही घरोघरी केली जाते. अशा राज्यात गोष्ट कशी सुरू झाली? दारात एक बटू आला आणि त्याने तीन पावले जमीन मागितली. शुक्राचार्यांनी राजाला सावध केले. 'नाही' म्हणणे बळीच्या हातात होते. पण याचकाला विन्मुख पाठवणारा राजा बळी कसला? त्याचे राज्य ज्या औदार्यामुळे आदर्श ठरले होते, त्याच औदार्याच्या दारातून संकट आत आले. इथे तळघर लागत नाही, नगरीचा सर्वांत चांगला गुणच नगरीला पेचात टाकतो.

ही कथा विज्ञानाची नव्हे, हे उघड आहे. पण तिच्यातली युक्ती विज्ञानकथेत किती चपखल बसते ते पाहा.

बुधावर घिरट्या घालणारा यंत्रमानव

आयझॅक आसिमॉव्ह यांचे यंत्रमानवाचे तीन नियम तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असतील. पहिला नियम : यंत्रमानवाने माणसाला इजा करू नये किंवा इजा होऊ देऊ नये. दुसरा : माणसाची आज्ञा पाळावी, मात्र पहिला नियम मोडता कामा नये. तिसरा : पहिले दोन नियम न मोडता स्वतःचे रक्षण करावे. यांत वाईट काही आहे का? काहीच नाही. हे नियम स्पष्टपणे प्रथम ज्या कथेत आले ती 'रनअराउंड' ही कथा १९४२ सालची. बुध ग्रहावर पॉवेल आणि डोनोव्हन हे दोघे तंत्रज्ञ आहेत. सूर्याच्या उष्णतेपासून त्यांना वाचवणारी यंत्रणा चालू ठेवण्यासाठी सेलेनियम हवे आहे. ते आणायला 'स्पीडी' नावाचा यंत्रमानव पाठवला जातो आणि तो परतच येत नाही. सेलेनियमच्या डबक्याभोवती तो वेड्यासारखा घिरट्या घालत राहतो.

कारण मोठे गमतीचे आहे. आज्ञा देताना माणसाने ती सहज, फारसा जोर न देता दिली होती. त्यामुळे दुसऱ्या नियमाची ओढ कमी पडली. स्पीडी हे महागडे यंत्र. म्हणून त्याच्यात स्वसंरक्षणाचा तिसरा नियम मुद्दाम बळकट केलेला होता. डबक्याजवळ धोका होता. जवळ जावे तर तिसरा नियम मागे ढकलतो, दूर जावे तर दुसरा पुढे ओढतो. जिथे दोन्ही जोर सारखे होतात त्या अंतरावर स्पीडी अडकला. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात दोन विरुद्ध बलांचा समतोल आपण शिकतो ना, तसाच! शेवटी पॉवेल स्वतःचा जीव धोक्यात घालतो. मग पहिला नियम जागा होतो आणि कोंडी फुटते.

कथेत दुष्ट कोणीच नाही, कोणाचे काही चुकलेलेही नाही. दोन चांगले नियम एकमेकांवर आदळले इतकेच. तरीही दोन माणसांचा जीव टांगणीला लागला आहे आणि आपण श्वास रोखून वाचतो.

एक रिकामी खुर्ची

आता मराठीकडे येऊ. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव खोटे होते. त्याची आद्याक्षरे उलटी वाचली की ज. वि. ना. होतात, म्हणजे जयंत विष्णू नारळीकर! आपल्या नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून या खगोलशास्त्रज्ञाने ही युक्ती केली होती. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या 'यक्षांची देणगी' या संग्रहात 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आहे. तिचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातही घेतले गेले, तेव्हा काहींच्या ती ओळखीची असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अशा जगात जाऊन पडतात, जिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नाही. ती कानाजवळून निसटून गेली आणि मराठे जिंकले. पुढचा सगळा इतिहास बदलला. हिंदुस्थान गुलाम झाला नाही. इंग्रजांच्या हाती मुंबई तेवढी राहिली, तीही भाडेपट्ट्याने. अगदी निर्दोष जग नव्हे, पण एका मराठी इतिहासकाराला याहून गोड स्वप्न कोणते पडणार?

मग या गोड स्वप्नात पंतांवर संकट कोणते येते? आझाद मैदानावर एक व्याख्यान चालू असते. व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी असते. पंतांनी आयुष्यात ९९९ सभांचे अध्यक्षपद भूषवलेले! लोखंडाने लोहचुंबकाकडे जावे तसे ते त्या खुर्चीकडे जातात. पण त्या जगातल्या लोकांनी अध्यक्ष, प्रास्ताविक, आभार ही सगळी कटकट केव्हाच बंद केली आहे. पंत हटत नाहीत, बोलतच राहतात. लोक त्यांच्यावर टोमॅटो आणि अंडी फेकतात.

वाचताना हसू येते, पण थोडे थांबून पाहा. सभेला अध्यक्ष नसणे ही त्या जगाची सुधारणाच आहे. (आपल्याकडे कित्येक स्नेहसंमेलनांत ती मनापासून हवीशी वाटते.) या सुधारणेनेच पंतांना परके ठरवले. जग चांगले झाले, पण त्यात 'माझी' जागा कोणती, हा प्रश्न त्या रिकाम्या खुर्चीत बसलेला आहे. एवढा मोठा बदललेला इतिहास, आणि संघर्ष मात्र एका खुर्चीएवढा. नवशिक्या लेखकाने ही गोष्ट ध्यानात घ्यावी. युद्धे आणि स्फोट यांच्या वाटेला न जाता मोठी कल्पना लहान वस्तूत उतरवता येते.

असेच एक स्वप्न १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये छापून आले होते. लेखिका बंगालच्या रुकैया सखावत हुसेन. त्यांच्या 'सुलताना'ज ड्रीम'मधल्या स्त्रीराज्यात विद्यापीठातल्या शास्त्रज्ञ स्त्रिया ढगांतून पाणी काढून घेतात आणि सूर्याची उष्णता साठवून तिच्यावर स्वयंपाक करतात. पुरुष पडद्याआड, घरात! या स्वप्नातली नायिका भर रस्त्यात बुरख्याशिवाय चालताना संकोचून जाते. भीती घालणारे तिथे कोणी उरलेलेच नाही, तरी पाऊल अडखळते. मनातले जुने जग काढून टाकायला वेळ लागतो, हे त्या एका अडखळण्यात दिसते.

'कृष्णविवर'ला बक्षीस मिळाले त्याच १९७४ साली अमेरिकेत उर्सुला ले ग्विन यांची 'द डिसपझेस्ड' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. अनारेस नावाच्या चंद्रावर मालक नाही, सरकार नाही, हुकूम देणारे कोणी नाही. तिथला एक भौतिकशास्त्रज्ञ नवा सिद्धान्त मांडू पाहतो. त्याला कोणीही मना करीत नाही, कारण मना करण्याचा अधिकारच कोणाला नाही. पण भोवतालच्या लोकांच्या नाराजीची अशी अदृश्य भिंत उभी राहते की, तिच्यावर डोके आपटून तो थकतो. हुकूमशहाविरुद्ध निदान घोषणा तरी देता येतात. सगळ्यांच्या नापसंतीविरुद्ध काय करणार?

गिरणगावातले गणित

ही सारी कल्पित जगे झाली. आता खऱ्या जागेकडे येऊ. तुम्हाला कथा लिहायची असेल तर स्वतः पायी हिंडलेली एक जागा निवडा. मी मुंबईतली प्रभादेवी निवडतो. एल्फिन्स्टन रोड या स्टेशनाचे नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. तिथल्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हा 'गर्दी नसलेले स्टेशन' ही इथे निबंधातली शोभेची कल्पना नाही, हे लक्षात असू द्या. जवळच सेनापती बापट मार्गावर ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन या कापडगिरण्या होत्या. आज त्यांच्या जागी काचेच्या उंच इमारती आहेत.

या गिरणगावात यंत्राच्या सुखावरून एक खरे भांडण झाले आहे, आणि ते अजून संपलेले नाही असे मी म्हणेन. १९२० नंतरच्या दशकात गिरणीमालकांनी नवी पद्धत आणली. एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, कातणाऱ्याने एका बाजूऐवजी दोन बाजूंवर लक्ष ठेवावे. यंत्रे सुधारली आहेत, तेवढ्याच माणसांत जास्त काम होईल, असे मालक म्हणत. कामगार म्हणत, आमच्यातल्या तिसऱ्याने मग कुठे जायचे? याच आणि मजुरीच्या प्रश्नावरून १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला.

हे गणित वहीत मांडू. समजा एका साळखात्यात ६०० माग आहेत. एकाकडे दोन माग असतील तर ३०० विणकर लागतील. एकाकडे तीन दिले तर २०० पुरतील. उरले १००. आता दोन वाटा आहेत. १०० जणांना घरी पाठवा, किंवा ३०० जणांनाही ठेवा आणि प्रत्येकाचे तास दोन तृतीयांश करा. दहा तासांच्या पाळीऐवजी ६ तास ४० मिनिटे. यंत्र तेच, कापड तेवढेच. वाचलेला वेळ कोणाच्या पदरात टाकायचा, हे यंत्र सांगत नाही. ते माणसांनी ठरवायचे असते.

आदर्श नगरी दुसरी वाट घेईल, हे सांगायला नको. पण कथालेखकाने तिथे थांबू नये. यंत्रे आणखी सुधारू द्या. पाळी तीन तासांची होईल, मग एका तासाची, मग भोंगाच बंद. सगळ्यांना पोटभर अन्न आहे, कोणी बेकार म्हणून हिणवला जात नाही. पण ज्याच्या बोटांना तुटलेला धागा डोळे मिटून सांधता येत असे, त्या माणसाला आता कोणी हाक मारीत नाही. त्याच्या मुलाला ते कसब शिकायचे आहे का? आणि एखाद्या दिवशी यंत्रे बंद पडली तर? नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत जमिनीखाली पुरलेली एक पेटी सापडते. एका फार पुरातन आणि प्रगत संस्कृतीचे ज्ञान तिच्यात भरलेले असते. त्या ज्ञानावरून शास्त्रज्ञ वामन नावाचा बुद्धिमान यंत्रमानव तयार करतात. अशा यंत्रांवर विसंबल्यामुळेच ती संस्कृती नष्ट झालेली असते. बळीची गोष्ट इथे नव्या वेषात परत आली आहे. नारळीकरांनी नाव उगीच निवडलेले नाही.

कामगारांचा पुढचा मोठा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला आणि त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते, हे तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. नसेल तर विचारा. कथेसाठी याहून चांगली सामग्री वाचनालयात मिळणार नाही.

प्रभादेवीच्या किनाऱ्यावर उभे राहिलात तर वरळीकडे जाणारा सागरी सेतू दिसतो. तिथेही अलीकडेच एक वाद झाला, त्यात तर खलनायक शोधूनही सापडत नाही. समुद्रकिनाऱ्याचा नवा रस्ता या सेतूला जोडताना पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवायचे ठरले होते. वरळी कोळीवाड्यातले मच्छीमार म्हणाले की, लाटा आणि वारा असताना एवढ्या फटीतून आमच्या होड्या सुखरूप जाणार नाहीत. काम अडले. अखेर २०२२ च्या डिसेंबरात एक खांब गाळून हे अंतर १२० मीटर करण्याचे ठरले. कोळी बांधवांची मागणी याहूनही रुंद वाटेची होती. शहराला रस्ता हवा, होडीला वाट हवी, आणि दोघांच्या मध्ये मीटरमध्ये मोजलेला एक आकडा! विज्ञानकथेतला संघर्ष असा मोजता आला पाहिजे. मी एक साधी कसोटी लावतो. कथेतले विज्ञान काढून टाका. भांडण तसेच्या तसे उरले, तर ती कथा चांगली असेलही, पण विज्ञानकथा नव्हे.

चला, एक कथा रचू

साल २१५०. प्रभादेवीतली एक चार मजली चाळ. दर मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे ८० बिऱ्हाडे. नगरीने दोन सुंदर नियम केले आहेत. पहिला : उन्हाळ्यात कोणाचीही खोली २६ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापू द्यायची नाही. दुसरा : आपल्या सुखासाठी दुसऱ्याला ताप द्यायचा नाही. वीज सूर्यापासून मिळते, फुकट आहे.

प्रत्येक खोलीला एक टनाचे वातानुकूलन यंत्र आहे असे धरू. हा 'टन' यंत्राच्या वजनाचा नव्हे बरे! पूर्वी थंडाव्यासाठी बर्फ वापरीत. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता काढणारे ते एक टनाचे यंत्र. हिशेब केला तर हे सुमारे ३.५ किलोवॉट होते. चांगले यंत्र त्यासाठी साधारण १ किलोवॉट वीज घेते. आता उष्णता नाहीशी करता येत नाही, ती फक्त इकडून तिकडे नेता येते. खोलीतले ३.५ आणि विजेचे १, असे ४.५ किलोवॉट यंत्र बाहेर फेकते. ८० खोल्यांचे झाले ३६० किलोवॉट. म्हणजे एक किलोवॉटच्या ३६० विजेच्या शेगड्या गॅलरीच्या कठड्याला टांगल्यासारखे!

एखादी चाणाक्ष विद्यार्थिनी म्हणेल की, खोलीतली बरीचशी उष्णता मुळात बाहेरूनच आत आली होती, तेव्हा गावाच्या हिशेबात खरी भर विजेच्या ८० किलोवॉटची. तिचे म्हणणे बरोबर आहे. पण गॅलरीत बसलेल्या माणसाला गावाचा हिशेब लागत नाही. त्याच्या तोंडावर गरम झोत येतो तो ४.५ चाच.

चाळीत गॅलरी म्हणजे काय, हे चाळीत राहिलेल्याला सांगावे लागत नाही. संध्याकाळी तिथे धान्य निवडले जाते, भांडणे होतात आणि मिटतात, अभ्यास होतो, आजारी माणसाची विचारपूस होते. २१५० मध्ये गॅलरी ओस पडली आहे. खोल्या थंडगार, दारे घट्ट बंद.

आता पात्रे आणा. आजी म्हणते, रोज संध्याकाळी सहा ते नऊ सगळी यंत्रे बंद ठेवा, म्हणजे माणसे बाहेर येतील. तिला शेजाऱ्याचे तोंड पाहून महिना झाला आहे. तिची नात मंजिरी नववीत आहे. आजीच्या बाजूने चाळीच्या सभेत बोलायचे तिने ठरवले आहे. पण दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतकाकांना हृदयविकार आहे. मुंबईची हवा दमट. हवेत बाष्प जास्त असले की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. हृदयावर ताण येतो. काकांसाठी यंत्र ही चैन नव्हे, औषध आहे. त्यांच्या एकट्याचे यंत्र चालू ठेवावे? मग त्यांच्या यंत्राचा झोत नेमका शेजारच्या दारात बसलेल्या आजीवर येतो. आणि सगळी चाळ ज्याच्याकडे बोट दाखवते असा एकटा माणूस होणे काकांना नको आहे. ते म्हणतात, "मी बंद ठेवतो." इथे मंजिरीच्या पोटात गोळा येतो. तिच्या ठरावाला पाठिंबा मिळाला तर काकांचा जीव धोक्यात, न मिळाला तर आजी बंद दारामागे कुढणार. 'दुसऱ्याला ताप द्यायचा नाही' हा नियम दोन्ही बाजूंनी मोडतो.

मंजिरी हुशार आहे. ती म्हणते, समुद्र जवळ आहे, नळाने उष्णता पाण्यात सोडू. छान! हिशेब करा. ३६० किलोवॉट उष्णतेने दर सेकंदाला सुमारे ९० लिटर खारे पाणी १ अंशाने तापेल. पंधरा लिटरच्या सहा बादल्या, प्रत्येक सेकंदाला, आणि ही एका चाळीची गोष्ट. सगळ्या प्रभादेवीचे नळ समुद्रात सोडले, तर ते पाणी कुठे जाईल, त्या पाण्यातली मासळी राहील का, आणि वरळीच्या कोळीवाड्यातून सभेला कोण येईल? एक गाठ सोडवली की दोरीची दुसरी गाठ घट्ट होते. तिथपर्यंत कथा नेली की तुमचे निम्मे काम झाले.

शेवट मी सांगणार नाही. मात्र शिक्षकांना एक विनंती. वर्गात या कथेचे दोन गट पाडून वादविवाद घडवू नका, कारण मग एक बाजू जिंकते आणि कथा मरते. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्याला न पटणाऱ्या पात्राचे सभेतले भाषण लिहावे. आजीचे म्हणणे ज्याला पटते त्याने सावंतकाकांचे, आणि काकांचे पटते त्याने आजीचे. भाषण इतके चांगले झाले पाहिजे की ऐकणाऱ्याला प्रश्न पडावा.

आणि त्याआधी एक छोटा प्रयोग करा. तुमच्या इमारतीत वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा पंखा जिथे असेल, तिथून एक मीटर, दोन मीटर आणि पाच मीटर अंतरावर एक साधा तापमापक धरा. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटे थांबा. कठड्यावरून वाकू नका, पंख्याजवळ हात नेऊ नका आणि एखाद्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या. रात्री नऊ वाजताचे तिन्ही आकडे आणि यंत्र बंद असतानाचा आकडा वहीत लिहून ठेवा. आजी आपली खुर्ची पंख्यापासून किती अंतरावर सरकवील, ते या आकड्यांवरून तुम्हाला ठरवता येईल.